चिमटीत येतं ते आणि येत नाही ते

सावेडीतून जाताना तो फलक मी कितीदा तरी वाचला होता. ‘ऑपरेशनशिवाय पोट कमी.’ दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं पोट सुटलं ते पुन्हा आत गेलंच नाही, त्याला आता 19 वर्षं झाली. शेवटी एके दिवशी त्या दवाखान्याचा जिना चढले. चौकशी करायला गेले होते. डॉक्टरांच्या परवानगीनं आणि आलेल्या बायामाणसांना विचारून दोन दिवस तिथंच बसले, ते तिथल्या एका मुलीच्या बोटांमुळे.

मुलगी पाथर्डीकडची. वजनकाट्याकडे ती नंतर वळते, आधी हात धुऊन उभी राहते. “काकू, पोट आत ओढू नका. सैल सोडा.” बायका पोट आत ओढतातच, वर्षानुवर्षांची सवय. ती घाई करत नाही, श्वास सुटेपर्यंत थांबते. मग अंगठा आणि दोन बोटांत बेंबीशेजारची वळी धरते. चिमटीत आली ती कातडीखालची चरबी. गार करणाऱ्या यंत्राचा वाडगा तेवढीच ओढून धरू शकतो.

या उपचाराला क्रायोलिपोलिसिस म्हणतात. थंडीत आपल्याकडे खोबरेल तेल बाटलीत गोठतं, पण शेजारच्या तांब्यातलं पाणी पाणीच राहतं. चरबीचंही तसंच आहे. कातडीला, स्नायूला सोसेल एवढ्या गारठ्यात चरबीच्या पेशी मात्र दुखावतात, मरतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत शरीर त्यांचा निचरा करतं. बर्फाची कांडी चोखणाऱ्या तान्ह्या बाळाच्या गालातली चरबी थंडीनं दुखावते, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1970 मध्ये नोंदवून ठेवलं होतं. असल्याच निरीक्षणांवरून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी ही पद्धत शोधली. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं 2010 मध्ये कमरेच्या बाजूंसाठी आणि 2012 मध्ये पोटासाठी तिला मान्यता दिली.

जेलचा गार, ओशट कागद पोटावर पसरायचा, वाडगा लावायचा, पाऊण तास पडून राहायचं. एका बाईंचा वाडगा निघाला तेव्हा मी जवळ होते. कातडीवर लालभडक, कडक असा उंचवटा उभा होता, फ्रिजमधून काढलेल्या लोण्याच्या गोळ्यासारखा. मुलीनं तो दोन्ही तळव्यांनी दोन मिनिटं रगडला. बाईंनी पलंगाची कड घट्ट धरली. त्यानंतर काही आठवडे तिथं बधिरपणा राहू शकतो, हे मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं.

“किती कमी होईल?” हा प्रश्न येणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर ठरलेलं. “20 ते 25 टक्के. त्या जागेच्या थराचे, वजनाचे नाही.” दोन दिवसांत हे वाक्य मी सात-आठ वेळा ऐकलं. चार सेंटिमीटरचा थर असेल तर तीनवर येईल. काटा हलणार नाही. पारनेरच्या एक बाई मुलाचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय म्हणून आल्या होत्या. त्यांना मुलीनं सरळ परत पाठवलं. “लग्नात काहीच दिसणार नाही, ताई. उगाच पैसे घालू नका.”

मार्केट यार्डातले एक व्यापारी आले, पोट घट्ट, गोल. चिमटीत काहीच येईना. त्यांची चरबी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती साठलेली. तिथवर कुठलाच वाडगा पोहोचत नाही, आणि साखर, रक्तदाब वाढतो तो मुख्यतः त्याच चरबीनं. डॉक्टरांनी त्यांना रक्त तपासायला लिहून दिलं. मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो फोटो आठवला. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला. ते आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. पण चरबी युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. आपल्या लोकांना दिसणाऱ्या वळीपेक्षा न दिसणाऱ्या चरबीची काळजी जास्त करायला हवी, आणि फलकावर नेमकी तीच नसते.

धोकाही फलकावर नसतो. क्वचित कुणाची चरबी घटण्याऐवजी त्याच जागी वाढते, घट्ट होते आणि मग ऑपरेशनच करावं लागतं. प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिनं 2021 मध्ये स्वतःवर ओढवलेलं हेच जाहीरपणे सांगितलं. ज्यांना हर्निया आहे किंवा थंडीनं रक्तात दोष उद्भवण्याचा आजार आहे, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पलंगावर झोपले. मुलीनं डोकं थोडं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं टेकवली. मधोमध ती आत रुतली. “काकू, ही चरबी नाही. बाळंतपणात स्नायू फाकलेत, ते मिटलेच नाहीत. याला मशीन नाही चालत, व्यायाम लागतो. फिजिओथेरपिस्टकडे जा.” 19 वर्षं मी ज्याला चरबी समजून उपास केले, ती दोन बोटांची फट होती. बाळंतपणानंतर कुणीही मला असं झोपवून, डोकं उचलायला लावून पाहिलं नव्हतं.

चिमटीत येणारी वळी, वजन जवळपास आटोक्यात, तीन महिने थांबायची तयारी आणि 20 ते 25 टक्क्यांत समाधान, एवढं असेल तर हा उपचार जरूर करावा. पण पैसे भरण्याआधी तुमच्या सैल सोडलेल्या पोटाला कुणी हात लावून पाहिलं का, ते आठवा. पाहिलं नसेल, तर उठून घरी या.