मावशी, आत्या आणि पाण्याचा नळ

मी मराठीचा प्राध्यापक. गेली वीस वर्षे कॉलेजातल्या मुलांना संतकवी आणि समास शिकवीत आलो आहे. तेव्हा गेल्या मे महिन्यात कळंब्याच्या एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "सर, आमच्या नववी-दहावीच्या पोरांना पाच दिवस मानवशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांची तोंडओळख करून द्या," तेव्हा मी दचकलोच.

म्हटले, "अहो, तुमचा पत्ता चुकला. ही शास्त्रे शिकवणारे माझे सहकारी वेगळे."

"त्यांना बोलावलं तर ते व्याख्यान देतील," मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले. "तुम्ही गोष्टी सांगता. आमच्या पोरांना बेडकाचं पोट कसं चालतं ते ठाऊक आहे, पण बाकावर शेजारी बसलेला माणूस कसा चालतो ते कोणी सांगितलेलं नाही."

या वाक्याने माझी विकेट गेली. मनाला धीर दिला तो मालवणच्या डॉ. गो. स. घुर्ये यांनी. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीस यांनी १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. १९२४ पासून त्याची धुरा वाहून ज्यांनी तो नावारूपाला आणला, ते घुर्ये मुळात संस्कृतचे एम. ए. होते. म्हटले, संस्कृतातून त्या गावाला वाट जाते, तर मराठीतून एखादी पाऊलवाट असेलच की!

पहिलाच पाय घसरला

कळंबा म्हणजे कोल्हापूरच्या दक्षिणेला, गारगोटी रस्त्यावरचे गाव. संस्थानकाळापासून शहराला पाणी पाजणारा तिथला तलाव प्रसिद्ध आणि मध्यवर्ती कारागृह त्याहून प्रसिद्ध. कोल्हापुरात कोणी फार उड्या मारू लागला की, "कळंब्याला जायचंय काय?" असे विचारतात. मीही वर्गात शिरताच मुलांशी जवळीक साधावी म्हणून म्हणालो, "शेवटी मलाही कळंब्याला यावंच लागलं बघा!"

कोणी हसले नाही. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, आम्ही तिथंच राहतो. जेलच्या क्वार्टरमध्ये. माझे पप्पा ड्यूटीला आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "कुठंही गेलो की गावाचं नाव सांगितल्यावर सगळे हाच जोक करतात."

आता वर्ग हसला, पण मला हसला. मी शिकवायला आलो होतो आणि पहिल्या पाच मिनिटांत शिकून बसलो होतो. गावावर, आडनावावर, गल्लीवर एकदा शिक्का बसला की आतला माणूस दिसेनासा होतो. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली या शिक्क्याच्या डागावर एक अख्खे पुस्तक लिहिले. मी ते नाव फळ्यावर लिहिले, मुलीची माफी मागितली आणि म्हटले, "पहिला धडा झाला. तो हिने शिकवला."

आत्या वेगळी, मावशी वेगळी

दुसऱ्या दिवशी मानवशास्त्र. मी विचारले, "इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना मिळून एकच शब्द आहे, आंटी. आपल्याला चार का लागतात?"

"मावशी लाड करत्या, आत्या मान मागत्या!" मागून एकजण ओरडला. हशा झाला, पण उत्तर काही अगदीच चुकीचे नव्हते. जिथे वागणूक वेगळी, हक्क वेगळे, तिथे शब्दही वेगळे लागतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या डॉ. इरावती कर्वे यांनी भारतभरची नाती अभ्यासून १९५३ साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. उत्तरेकडे मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे कानांवर हात. दक्षिणेकडे अनेक समाजांत ते पसंतीचे. आणि आपला महाराष्ट्र बसला आहे मधल्या पट्ट्यात. इथे कितीतरी समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याचा मुलगा जावई होतो. मी सांगितले, "तुम्ही घरात ज्यांना अक्का आणि अण्णा म्हणता, ते शब्द कानडीतही आहेत. सरहद्द नकाशावर असते, नाती तिला विचारून जोडली जात नाहीत."

याच बाईंची आणखी एक गोष्ट मी सांगितली. तरुणपणी त्या बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशांत उच्चनीच मानणारे. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हे पाहण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी शंभराहून अधिक कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला की तसा संबंध दिसत नाही. गुरूला काय आवडेल हे न पाहता मापाने जे सांगितले ते लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे फिशर ज्या राजवटीच्या सेवेत गेले, तिने वंशाच्या नावाखाली काय केले ते जगाला ठाऊक आहे.

मग प्रत्येकाला कागद दिला आणि आपापल्या कुळाचे झाड काढायला सांगितले. मानवशास्त्रात त्यासाठी खुणा ठरलेल्या आहेत. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, मधली बरोबरची खूण म्हणजे लग्न. पोरे कामाला लागली. एका मुलाचा कागद मात्र अर्धाच भरला होता. आईकडची बाजू गच्च, आजी, दोन मामा, मावशा, त्यांची पोरे. दुसरी बाजू कोरी. मी तास संपवण्याच्या घाईत म्हणालो, "अरे, अर्धं झाड वाळलं का तुझं?"

तो काही बोलला नाही. वर्ग सुटल्यावर दाराशी उभा राहिला. "सर, वडील आमच्यात राहत नाहीत. बोलत पण नाहीत. त्यांना झाडात धरायचं का?"

वाचकहो, वीस वर्षांच्या नोकरीत इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नाते रक्ताने ठरते की वागण्याने, यावर या शास्त्रात पिढ्यान्पिढ्या वाद झाले आहेत. ते त्या पोराला सांगून काय उपयोग? "उद्या सांगतो," एवढेच म्हणालो आणि घरी येऊन एका सहकाऱ्याकडून पुस्तक मागून आणले. रात्री त्यात एक खूण सापडली. लग्न मोडले असेल तर बरोबरच्या खुणेवर एक तिरकी रेघ मारतात.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष, त्याच्याकडे न पाहता, मी ती खूण फळ्यावर काढली. म्हणालो, "काल ही सांगायची राहिली. जगात सगळीकडं घरं जुळतात तशी मोडतातही. इतकी, की शास्त्राला त्यासाठी खूण ठेवावी लागली. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि कोणाला झाडात धरायचं, ते झाड ज्याचं त्यानं ठरवावं." त्याने मान खाली घालून पट्टी काढली आणि एक तिरकी रेघ मारली. पलीकडे त्रिकोण काढला. नाव लिहिले नाही.

तांबडा विरुद्ध पांढरा

मानसशास्त्राच्या दिवशी मी चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग केले. एकाचे नाव तांबडा रस्सा, दुसऱ्याचे पांढरा रस्सा. साधी कोडी घातली आणि गुण फळ्यावर मांडू लागलो. अर्ध्या तासात "पांढरे फसवत्यात सर!" अशा आरोळ्या सुरू झाल्या. कालपर्यंत एका डब्यात जेवणाऱ्या दोन मैत्रिणी एकमेकींकडे बघेनात. चिठ्ठीवरच्या एका शब्दाखेरीज त्यांच्यात काहीच बदलले नव्हते!

मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांवर असाच प्रयोग केला. दोन टोळ्या, सामने, बक्षिसे. प्रकरण झेंडे जाळण्यापर्यंत गेले. मग शेरीफने शिबिराचे पाणी तुटल्याची अडचण उभी केली. दुरुस्तीला दोन्ही टोळ्यांना एकत्र यावे लागले. अशी दोन-चार कामे सोबत केल्यावर वैर ओसरू लागले.

"आपल्यातल्या फुटबॉलसारखं!" एक पोरगा म्हणाला. कोल्हापूरकराला पेठ आणि तालीम यांचा अभिमान काय असतो ते मी सांगायला नको. मी विचारले, "आणि पाणी तुटल्यासारखं कधी झालं का?" क्षणभर शांतता. मग तीन-चार आवाज एकदम, "महापूर!" २०१९ च्या ऑगस्टात शहराचे पंप पुरात बुडाले. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. त्या दिवसांत एका नावेत बसलेल्या पोरांना कोणी तालीम विचारली नाही. शेरीफचे शिबिर ओक्लाहोमातून पंचगंगेच्या काठावर यायला असा एक क्षण पुरला.

पाणी कोण भरतं?

राहिले समाजशास्त्र. त्यासाठी परदेशी जायचे कारणच नव्हते. सरकारी नोकरीत खेडी जवळून पाहिलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. गावात कोण काय काम करतो, त्याबदल्यात काय मिळते आणि ओझे कोणावर पडते, याचा हिशेब मांडला. मी मुलांना म्हटले, "आपण घरगाडा लिहू. एकच प्रश्न. तुमच्या घरात पाणी कोण भरतं?"

दुसऱ्या दिवशी कागद आले. मुलग्यांपैकी बहुतेकांनी लिहिले होते, "नळाला येतं." मुलींनी लिहिले होते, "आई," किंवा "मी." त्यात नववी-दहावीतली सख्खी बहीणभावंडे निघाली. एकच घर, एकच नळ. भावाचा कागद म्हणतो, "नळाला येतं." बहिणीचा म्हणतो, "पहाटे उठून मी भरते." मी दोन्ही वाचून दाखवताच ती उभी राहिली आणि अस्सल कोल्हापुरी बोलीत म्हणाली, "मीच भरतो की सर! हा झोपलेला असतोय."

भाऊ खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच दिसले नव्हते. घराची माहिती कोणाला विचारली यावर ते घर कसे दिसते हे अवलंबून असते. मोठमोठ्या पाहण्यांतही हीच चूक होते. घरात शिरताच कर्त्या पुरुषाला विचारायचे आणि तेच घराचे मत म्हणून लिहून घ्यायचे. नववीच्या वर्गाला हे दोन कागदांत कळले.

आपल्याकडे समाजशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय स्वतंत्रपणे घेता येतात ते अकरावी-बारावीत, आणि तेही प्रामुख्याने कला शाखेकडे वळलेल्यांना. कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतात अकरावीला ही तिन्ही शास्त्रे मिळून एकच विषय घेता येतो. ती कल्पना मला चांगली वाटते, पण माझे मत विचाराल तर त्याहीआधी सुरुवात व्हावी. चौदाव्या वर्षी मूल आपल्या घराकडे, गल्लीकडे पहिल्यांदा परक्याच्या नजरेने बघू लागते. त्या नजरेला कोणी वळण लावले नाही, तर तिच्यातून नुसती टवाळी निघते किंवा नुसती लाज. वळण लावले तर प्रश्न निघतो. अर्धे झाड घेऊन दाराशी थांबलेल्या पोराने तेच केले.

ही दिवाळी त्याला उत्तम मुहूर्त आहे. भाऊबीजेला घरात जमलेल्या मंडळींत मानवशास्त्राचे निम्मे पुस्तक चालत-बोलत असते. फराळ झाला की मुलांना एक मोठा कागद द्या आणि कुळाचे झाड काढू द्या. तिरकी रेघ शिकवायला मात्र विसरू नका.

जाता जाता एक सांगायचे राहिले. शेवटच्या दिवशी निरोप घेताना, जेलच्या क्वार्टरमधली ती मुलगी पुन्हा उठली. "सर, तुमच्या घरात पाणी कोण भरतं?"

मी वर्गाकडे पाहिले, मुख्याध्यापकांकडे पाहिले आणि खरे ते सांगितले. "नळाला येतं."

या वेळी सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून पहाटेचा गजर माझ्या उशाशी असतो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, तो बंद करायला मात्र अजून त्यांनाच उठावे लागते.