दोन मेडिकल कॉलेजं, एक पसंती

नीटच्या गुणांवर दोन कॉलेजं आवाक्यात आली, की घरात पहिली चर्चा होते ती नावाची. पण राज्यातल्या सरकारी आणि बहुतेक खासगी कॉलेजांची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठच घेतं, पदवीही तेच देतं. (अभिमत विद्यापीठं तेवढी वेगळी.) खरा फरक रुग्णालयाचा. पुण्याच्या बी. जे.ला ससून आहे, मुंबईच्या ग्रँटला जे. जे.; तिथल्या ओपीडीच्या गर्दीत विद्यार्थी जे शिकतो, ते रिकाम्या वॉर्डात कुणीच शिकवू शकत नाही. साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप जिथे काढायची, तिथल्या खाटा भरलेल्या असतात का, हे मी सगळ्यात आधी बघेन. फी आणि सरकारी कॉलेजचा वर्षभराच्या सेवेचा बॉण्ड त्यानंतर. पसंतीक्रम भरण्याआधी तिथल्या इंटर्नशी जरूर बोला.