खासदाराच्या मताचा हिशेब कुठे मिळतो? देवास आणि धारची दोन उदाहरणे

गोमंतकीय रसिकांना देवास ठाऊक असते ते कुमार गंधर्वांमुळे, आणि धार ठाऊक असते ते भोजराजामुळे व नंतर तेथे नांदलेल्या पवारांच्या मराठी राज्यामुळे. माळव्यातील या दोन्ही नगरांच्या नावाचे लोकसभा मतदारसंघ आहेत. देवास अनुसूचित जातींसाठी राखीव, तर धार अनुसूचित जमातींसाठी. १३ मे २०२४ रोजी दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झाले आणि दोन्हीकडे भारतीय जनता पक्षाचा विजय झाला. निकालात कुणाला आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते. परंतु उजव्या विचारांच्या पक्षाचा विद्यमान खासदार पुन्हा मते मागायला येतो, तेव्हा त्याने संसदेत पाच वर्षे कशाकशाच्या बाजूने हात वर केला, हे विरोधकाने आणि मतदाराने विचारावे, ही प्रातिनिधिक लोकशाहीतली साधी रीत मानली जाते. ती आपल्या देशात जवळजवळ अशक्य का होऊन बसली आहे, हे समजून घेण्यास हे दोन मतदारसंघ फार उपयोगी पडतात.

ही रीत जिथे चालते, तिथले चित्र आधी पाहावे. अमेरिकेतील मेन हे राज्य लोकसंख्येने गोव्याएवढेच, साडेतेरा लाखांच्या आसपास. तेथील रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स २०२० मध्ये फेरनिवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याविरुद्धचा प्रचार त्यांनी दिलेल्या मतांभोवती फिरत होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हानॉ यांची सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्ती सिनेटने ५० विरुद्ध ४८ अशा मतांनी मंजूर केली, त्या पन्नासांत कॉलिन्स होत्या. २०१७ च्या करकपातीलाही त्यांनी पाठिंबा दिला होता. उलट त्याच वर्षी ओबामा यांचा आरोग्यविमा कायदा मोडीत काढण्याचा स्वपक्षाचा प्रयत्न ५१ विरुद्ध ४९ मतांनी फसला, तेव्हा त्या पक्षाविरुद्ध गेल्या होत्या. यांतले प्रत्येक मत नावानिशी नोंदलेले. विरोधकांनी त्यातली काही वेचून फलकांवर लावली, कॉलिन्स यांच्या बाजूने दुसरी वेचण्यात आली. त्या जिंकल्या. पण ज्याने त्यांना मत दिले त्याने आणि ज्याने दिले नाही त्यानेही काहीतरी जाणून घेऊन दिले वा नाकारले.

आता देवास. २०१९ मध्ये भाजपने येथे महेंद्रसिंह सोलंकी यांना उभे केले. ते दिवाणी न्यायाधीश होते. पदाचा राजीनामा देऊन राजकारणात आले. काँग्रेसने त्यांच्यासमोर कबीराची भजने गाणारे प्रल्हादसिंह टिपानिया यांना उभे केले होते. सोलंकी साडेतीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. २०२४ मध्ये पक्षाने त्यांनाच पुन्हा उमेदवारी दिली आणि मताधिक्य चार लाखांच्या पुढे गेले. म्हणजे हिशेब मागण्याची परिस्थिती पुरती जुळून आलेली होती: तोच माणूस, तोच मतदारसंघ, पाच वर्षांची पूर्ण मुदत.

परंतु हिशेबाची वही उघडली की पाने कोरी. त्याचे कारण लोकसभेच्या कार्यपद्धतीत आहे. विधेयक मतास टाकताना पीठासीन अधिकारी अनुकूल असणाऱ्यांना ‘हो’ आणि प्रतिकूल असणाऱ्यांना ‘नाही’ म्हणायला सांगतात आणि आवाजाच्या अंदाजाने निर्णय जाहीर करतात. हेच आवाजी मतदान. त्यात कोण काय म्हणाले, कोण गप्प बसले, कोण सभागृहातच नव्हते, यातले काहीही लिहिले जात नाही. हा निर्णय कुणी सदस्याने मान्य केला नाही, तर मतविभाजन घ्यावे लागते. बाहेरच्या सदस्यांसाठी घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मतास टाकला जातो, आणि तरीही आक्षेप कायम राहिला तर यंत्रावर किंवा चिठ्ठ्यांवर मते घेतली जातात. मत नोंदवणारे यंत्र लोकसभेत १९५७ पासून आहे. मात्र नियमांतच एक पळवाट आहे. मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून मोजणी करू शकतात, आणि त्या मोजणीत नावे नोंदली जात नाहीत.

सोयाबीन आणि गहू पिकवणाऱ्या देवासच्या शेतकऱ्याला २०१९ ते २०२४ या काळातील कोणत्या मताचे सर्वाधिक कुतूहल असेल? अर्थात तीन कृषी कायद्यांवरील. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेने ती विधेयके आवाजी मतदानाने संमत केली. १७ सप्टेंबरच्या रात्री विरोधी सदस्य सभात्याग करून गेले, त्यामुळे मतविभाजनाचा आग्रह धरायला सभागृहात फारसे कुणी उरलेही नाही. (सभात्यागाने निषेध दिसतो खरा, परंतु सत्ताधाऱ्यांच्या नावाची नोंद होण्याची संधीही त्याच दाराने बाहेर जाते, हे विरोधी पक्षांच्या ध्यानात आजवर आलेले दिसत नाही.) २० सप्टेंबरला राज्यसभेत मतविभाजनाची मागणी झाली. सदस्य आपापल्या जागी नाहीत, असे कारण देऊन उपसभापतींनी ती मानली नाही आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. पुढे वर्षभर आंदोलन चालले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी ते कायदे चर्चेविना रद्द केले, तेही आवाजी मतदानानेच. ज्या सभागृहाने हे कायदे केले त्यानेच ते मोडले, आणि एकाही खासदाराचे नाव ना करण्याच्या बाजूने कागदावर आहे ना मोडण्याच्या. या साऱ्या प्रकरणात आपली भूमिका निःसंदिग्धपणे नोंदवणाऱ्या एक हरसिमरत कौर बादल. त्यांनी १७ सप्टेंबर रोजी मंत्रिपद सोडले.

डिसेंबर २०२३ चे उदाहरण देवासच्या बाबतीत अधिक बोचरे आहे. भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांची जागा घेणारी तीन विधेयके २० डिसेंबरला लोकसभेत संमत झाली. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित होते. मतदान पुन्हा आवाजी. न्यायासनावर बसून आलेल्या खासदाराकडून फौजदारी कायद्यांच्या या फेरमांडणीवर नावानिशी मताची अपेक्षा मतदाराने केली असती, तर ती गैर ठरली नसती. पण तशी नोंद करण्याची वेळच कुणावर आणली गेली नाही.

काही मते अर्थातच नोंदली गेली. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी, आणि महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मोजणी टळत नाही. पण ४५४ विरुद्ध २ या आकड्यातून एका खासदाराबद्दल काय कळणार? आणि जिथे सभागृह खरोखर दुभंगलेले असते, तिथे दुसरी भिंत आडवी येते. ती पक्षादेशाची, म्हणजेच व्हिपची.

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, त्याला पूर्वपरवानगी नव्हती आणि पक्षाने पंधरा दिवसांत क्षमाही केली नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये सुचवले होते की ही शिक्षा विश्वासदर्शक आणि तत्सम ठरावांपुरतीच ठेवावी. १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, परंतु पक्षादेशाचा अर्थ सरकारचे अस्तित्व आणि पक्षाने निवडणुकीत मांडलेला मूलभूत कार्यक्रम एवढ्यापुरताच घ्यावा, असे मत दिले. प्रत्यक्षात तसे काही झाले नाही. कॉलिन्स यांनी आरोग्यविम्यावर जे केले, ते देवासच्या खासदाराने केले तर त्याची जागाच धोक्यात येते. त्यामुळे नोंदलेले मतही त्याचे स्वतःचे किती आणि पक्षाचे किती, हा प्रश्न उरतोच.

हा कायदा पक्षांतर थांबवण्यासाठी आला होता. त्याने ते किती थांबवले, हे गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले, आणि दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तरतूद त्यांच्या कामी आली. एकट्याने विवेकाने वेगळे मत द्यायचे तर शिक्षा, आणि कळपाने पक्षच बदलायचा तर संरक्षण, अशी ही विचित्र रचना आहे.

धारमध्ये हिशेब चुकवण्याची तऱ्हा निराळी. २०१४ मध्ये भाजपच्या सावित्री ठाकूर निवडून आल्या. २०१९ मध्ये पक्षाने त्यांच्या जागी छतरसिंह दरबार यांना उभे केले, तेही जिंकले. २०२४ मध्ये दरबार यांना बाजूला सारून पुन्हा ठाकूर यांना उमेदवारी मिळाली आणि त्या दोन लाखांहून अधिक मतांनी विजयी होऊन केंद्रात महिला व बालविकास राज्यमंत्री झाल्या. दोन्ही वेळा मावळत्या मुदतीचा जाब द्यायला मावळता खासदार रिंगणात नव्हता. विद्यमान खासदाराविषयीची नाराजी उमेदवार बदलून धुऊन काढण्याची ही युक्ती सर्वच पक्ष वापरतात. धारमध्ये ती एकाच जोडीत मागेपुढे फिरली एवढेच.

धारचा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न तर मतदानाच्या कक्षेतच आलेला नाही. सरदार सरोवराचे दरवाजे बंद करण्यास नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाने जून २०१७ मध्ये परवानगी दिली. तेव्हा खासदार ठाकूर होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटरपर्यंत भरला आणि निसरपूर, चिखल्दा ही कुक्षी तालुक्यातील गावे पाण्यात गेली. तेव्हा खासदार दरबार होते. लोकसभेत यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंगच नव्हता. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये धार जिल्ह्यातील पीथमपूरला आला, तो उच्च न्यायालयाच्या आदेशाने. देवासच्या सोयाबीनचा हमीभाव मंत्रिमंडळ ठरवते. २०२४-२५ साठी तो ४,८९२ रुपये होता, बाजारात दर त्याच्या खाली गेले आणि सहा हजारांची मागणी करत मध्य प्रदेशातील शेतकरी रस्त्यावर आले, तरी त्या आकड्यावर खासदाराचे मत कधी घेतले जात नाही.

मग अशा खासदारावर टीका करायची ती कशाच्या आधारे? ‘त्यांनी शेतकऱ्यांविरुद्ध मत दिले’ हे प्रचारातले वाक्य आवाजी मतदानाच्या बाबतीत सिद्ध करता येत नाही, आणि व्हिपखालच्या मताबाबत ते अर्धेच खरे असते. निसरपूर बुडत असताना धारच्या खासदाराने प्रश्नोत्तराच्या तासाला किती प्रश्न टाकले, शून्य प्रहरात किती वेळा विषय काढला, हमीभावावर देवासच्या खासदाराने काय विचारले, हे मात्र तपासता येते. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रश्न आणि भाषणे उपलब्ध असतात, आणि पीआरएस ही संस्था त्यांची मोजदाद करते. व्हिप मताला बांधतो, प्रश्नाला नाही. स्वपक्षाच्या मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारल्याने कुणाचे सदस्यत्व जात नाही. मंत्री झालेल्या खासदाराला ही सोय राहत नाही, कारण मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. धारच्या मतदाराला सध्या त्याची किंमत मोजावी लागते आहे.

आणखी एक गोष्ट तपासता येते, ती विरोधकांची. मतविभाजन मागायला एक सदस्यही पुरतो. गोव्यातून लोकसभेत दोन खासदार जातात. पुढच्या वादग्रस्त विधेयकावेळी त्यांपैकी कुणी उभे राहून नावे नोंदवण्याची मागणी केली का, हे दुसऱ्या दिवशीच्या अधिकृत कार्यवृत्तात वाचता येईल. पर्वरीतल्या विधानसभेतही बहुतेक विधेयके आवाजी मतदानानेच संमत होतात, आणि तिथले सदस्य तर अवघे चाळीस आहेत. चाळीस नावे लिहायला वेळ लागतो तो पाच मिनिटांचा.