थेंबाच्या तालावर वाढणारे जीव

इंदूरच्या अन्नपूर्णा भागात कचऱ्याची गाडी येते, तेव्हा भाजीची देठं आणि उष्टं-खरकटं ओल्या कचऱ्याच्या खणात जातं. शहराचा ओला कचरा पुढे देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात पोहोचतो. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी उद्घाटन झालेल्या या प्रकल्पाची क्षमता आहे रोज ५५० टन कचऱ्याची. त्यातून सुमारे १७ हजार किलो सीएनजी आणि १०० टन खत मिळावं, असा हिशोब. खरं काम करतात सूक्ष्मजीव. बंद टाकीत रोज नवा माल आत येतो, पचलेला बाहेर पडतो आणि आतली वस्ती टिकून राहते.

याच शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साथीने कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. दोघांचं त्यावरचं पुस्तक १९३१ मध्ये आलं. तिथे मात्र खड्डा एकदा भरायचा, वरखाली करत राहायचं आणि सुमारे तीन महिन्यांनी खत काढून घ्यायचं. दह्याचंही तसंच. विरजण लावल्यावर जीवाणू झपाट्याने वाढतात आणि स्वतःच केलेल्या आम्लाने मंदावतात. अभ्यासकाची पंचाईत इथेच होते. तासागणिक अन्न, आम्ल आणि गर्दी सगळंच बदलत असेल, तर जीवाणूत दिसलेला फरक नेमका कशामुळे पडला, हे कसं ठरवायचं?

१९५० मध्ये यावर एकाच वेळी दोन ठिकाणी तोडगा निघाला. पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी आणि शिकागोत आरॉन नोविक व लिओ झिलार्ड यांनी अखंड वाढीचं यंत्र मांडलं. शिकागोच्या जोडीने त्याला ‘केमोस्टॅट’ म्हटलं. झिलार्ड म्हणजे १९३३ मध्ये अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना ज्यांना सुचली तेच. महायुद्धानंतर ते जीवशास्त्राकडे वळले होते.

यंत्र अगदी साधं आहे. समजा, बाटलीत २० मिलिलिटर द्रव आहे. वरून तासाला ४ मिलिलिटर ताजं पोषकद्रव्य थेंबथेंब पडतं आणि तेवढाच द्रव जीवाणूंसकट बाहेर वाहतो. पोषकद्रव्यातला एकच घटक मुद्दाम तोकडा ठेवलेला असतो. काही काळाने वस्ती स्थिरावते आणि साधारण साडेतीन तासांना दुप्पट होण्याचा वेग धरते, कारण वाहून जाणाऱ्यांची भरपाई तेवढ्याच वेगाने होते. म्हणजे जीवाणूंच्या वाढीचा लगाम पंपाच्या बटणाशी येतो! पंप फार जोरात सोडला, तर जीव वाढण्याआधीच वाहून जातात आणि बाटली स्वच्छ होते.

कचऱ्याच्या टाकीलाही हाच नियम लागू पडतो. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव संथ असतात. म्हणून अशा टाक्यांत माल बहुधा २०-३० दिवस राहील असं पाहतात. घाईने जास्त भरलं, की आम्ल करणारे जीवाणू पुढे निघून जातात, टाकी आंबते आणि गॅस बसतो. म्हणूनच नवा माल आधी लहान टाकीत चालवून बघणं शहाणपणाचं.

लहान यंत्रांची खरी कमाल मात्र औषधांच्या अभ्यासात दिसते. अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये टोप्राक आणि किशोनी यांच्या गटाने ‘मॉर्बिडोस्टॅट’ बनवला. जीवाणूंची वाढ सावरू लागली, की यंत्र स्वतःच प्रतिजैविकाचा डोस वाढवतं, म्हणजे जीवाणू कायम बेताने त्रस्त राहतात. ट्रायमेथोप्रिम या औषधाविरुद्धची प्रतिकारशक्ती काही आठवड्यांत एकेक जनुकबदल साठवत, बऱ्यापैकी ठरावीक क्रमाने चढताना त्यांनी पाहिली. औषधं निकामी कशी होतात, हे इतकं उलगडून दाखवणारी साधनं फार थोडी आहेत.

पूर्वी असं यंत्र म्हणजे काचेचा मोठा आणि महागडा संसार होता. आता २० मिलिलिटरच्या बाटल्यांची रांग एका टेबलावर मावते. बोस्टन विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये मांडलेल्या ‘इव्हॉल्व्हर’चा आराखडा सर्वांसाठी खुला आहे; त्यात आर्डुइनो आणि रास्पबेरी पाय हे इंजिनिअरिंगच्या मुलांच्या सरावातले भाग आहेत. कटकटी उरतातच. जीवाणू काचेला चिकटून थर धरतात आणि वाहून जाणं टाळतात. कधी नळीतून उलटे चढून पोषकद्रव्याच्या बाटलीपर्यंत पोहोचतात. त्यासाठी नळीत मध्येच हवेची फट ठेवून थेंब सुटा पाडतात.

इंदुरातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती असं एक यंत्र असायलाच हवं. पहिला प्रयोगही ठरलेला: पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा, प्रत्येक टप्प्यावर द्रवाचा गढूळपणा मोजायचा आणि वस्ती कोणत्या वेगाला वाहून जाते, ते आलेखावर टिपायचं.