रत्नागिरी, गोराई, बंगळूर : ब्रह्मदेशीय वारशाची एक दर्शनवाट

ब्रह्मदेशाच्या संस्कृतीचे दर्शन घडविणारी सहल म्हटली की तिचा मार्ग ठरलेला असतो. रंगूनचा श्वेडगॉन पॅगोडा, पगानच्या माळावरील देवालये, मंडालेचा किल्ला आणि तेथील संगमरवरी त्रिपिटक ही तिची मुख्य स्थळे होत. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यानंतर त्या देशात यादवी माजली आणि सामान्य प्रवाशास हा मार्ग पूर्वीसारखा सुलभ राहिला नाही. तथापि या वारशाचा एक तुकडा भारतातच, आणि त्यातही बव्हंशी मराठी मुलखात आहे. तो रत्नागिरीच्या एका टेकाडावर आहे, मुंबईलगतच्या गोराईस आहे, इगतपुरीस आहे, आणि त्याचा एक धागा बंगळूरच्या गांधीनगरातील विहारापर्यंत जातो. या स्थळांना प्रवासी जातात; वाटाडे त्यांना माहितीही सांगतात. परंतु त्या माहितीत ‘ब्रह्मी’ हे विशेषण इतक्या सैलपणे वापरले जाते की वास्तूत खरोखर ब्रह्मी काय आहे आणि काय नाही, याचा उलगडा होत नाही. तो होणे अगत्याचे आहे. कारण यांतील पहिली वास्तू राजवाडा म्हणून ओळखली जात असली तरी ती मूलतः बंदिवानाची जागा आहे.

आरंभ रत्नागिरीपासून करणे सयुक्तिक ठरेल. कोनबाउंग वंशाचा शेवटचा राजा थिबा हा १८७८ साली मंडालेच्या गादीवर बसला. ‘थिबा’ हे त्याचे व्यक्तिनाम नव्हे. शान प्रदेशातील ज्या ठाण्याचा महसूल राजपुत्र असताना त्याच्याकडे होता, त्या ठाण्याचे ते नाव. मराठीत मात्र ते व्यक्तिनामच होऊन बसले. नोव्हेंबर १८८५ मधील तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात जेमतेम पंधरवड्यात मंडाले पडले आणि राजा, राणी सुपायालत, धाकटी राणी व राजकन्या यांना आगबोटीने प्रथम रंगूनला व तेथून मद्रासला आणण्यात आले. एप्रिल १८८६ मध्ये हा परिवार रत्नागिरीच्या किनाऱ्यास लागला. स्थळाची निवड विचारपूर्वक केलेली होती. रत्नागिरीस आगगाडी नव्हती (ती शंभराहून अधिक वर्षांनी, कोकण रेल्वेने आली). पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद पडे आणि घाटांवरून येणारा माणूस नजरेतून सुटत नसे. इंग्रज सरकारच्या दृष्टीने रत्नागिरी ही भिंतीवाचूनचा तुरुंग होती, आणि तिचा हा उपयोग थिबापाशीच संपला नाही. विनायक दामोदर सावरकर यांना १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवण्यात आले. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला पाठविला गेला आणि १८६२ मध्ये तेथेच मरण पावला. त्यानंतर तेवीस वर्षांनी मंडालेचा राजा हिंदुस्थानात आणला गेला. पदच्युत राजांना समुद्रापार टाकण्याची ही रीत साम्राज्याच्या कारभारात मुरलेली होती.

आज जो ‘थिबा पॅलेस’ दाखविला जातो त्यात राजा आरंभापासून राहिला असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. पहिली चोवीस वर्षे हा परिवार सरकारी बंगल्यांत राहिला. नवी वास्तू पुरी झाली ती १९१० मध्ये. म्हणजे थिबाच्या वाट्यास तिच्यातील वास्तव्य जेमतेम सहा वर्षांचे आले. भाट्याच्या खाडीकडे आणि समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ही लाल, बहुमजली वास्तू उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या आणि पहिल्या मजल्यावरील संगमरवरी फरशीचे दालन यांमुळे लक्ष वेधून घेते. पर्यटनपत्रके तिला ‘ब्रह्मी शैलीतील राजवाडा’ म्हणतात. या वर्णनाशी मंडालेचा राजवाडा ताडून पाहिला तर त्यातील उणीव ध्यानात येते. मंडालेचा राजवाडा १८५७ नंतर मिंदोन राजाने वसविलेल्या नगरीच्या मध्यभागी होता. तो सागवानी होता, उंच जोत्यावर उभा होता, आणि त्याची दालने एकमजली होती. उंचीचा मान होता तो सिंहासनावरील ‘प्याथाट’ या एकावर एक चढत जाणाऱ्या छपरांच्या शिखराला. कोणाचेही पाऊल दुसऱ्याच्या, विशेषतः राजाच्या, मस्तकावर येऊ नये ही भावना ब्रह्मी आचारात खोल रुजलेली आहे. मजल्यावर मजला चढविणे त्या दरबारास रुचण्यासारखे नव्हते. रत्नागिरीची वास्तू मजल्यांचीच आहे. तिचा मूळ आराखडा वसाहतकालीन सरकारी बंगल्याचा आहे आणि लाकडी कोरीव कामाने तिला जी पौर्वात्य छटा दिली ती अलंकरणापुरती राहते. मंडालेचा मूळ सागवानी राजवाडा १९४५ मध्ये युद्धाच्या आगीत भस्मसात झाला. आज तेथे दिसते ती विसाव्या शतकाच्या अखेरची पुनर्रचना होय. त्यामुळे वास्तू म्हणून पाहिल्यास रत्नागिरीचे घर ब्रह्मी नसले तरी अस्सल आहे, आणि मंडालेचा महाल ब्रह्मी असला तरी अस्सल नाही, असा काहीसा विचित्र प्रकार झाला आहे.

मग या घरात ब्रह्मी काय होते? भिंतींच्या आत जो आचार चालला तो. राजकन्यांचे कर्णवेध येथे झाले. ब्रह्मी घराण्यांत मुलीचा कर्णवेध हा मुलाच्या श्रामणेर-दीक्षेच्या तोलाचा संस्कार मानला जातो, आणि एकाकी राजपरिवाराने तो परमुलखातही सोडला नाही. दरबारी भाषा होती. राजापुढे कसे बसावे, कसे बोलावे याचे नियम होते. हे सर्व पाळणारी माणसे मात्र वर्षागणिक कमी होत गेली. मंडालेहून आणलेली माणके एकेक करून विकली गेली, आणि वर्षासन किती असावे यावर सरकारशी पत्रव्यवहार चालत राहिला.

थिबा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. मृतदेह मंडालेस न्यावा ही राणीची मागणी सरकारने मान्य केली नाही. मिंदोनची समाधी मंडालेच्या राजवाड्याच्या आवारातच आहे. तिच्याजवळ पुत्राचीही उभी राहिली तर ती बंडखोरांचे तीर्थस्थान होईल, हे सरकारचे भय उघड होते. शवपेटी दोन वर्षांहून अधिक काळ राजवाड्याच्या आवारात राहिली आणि अखेर मार्च १९१९ मध्ये, त्याआधी १९१२ साली वारलेल्या धाकट्या राणीसह, राजास रत्नागिरीतच मूठमाती मिळाली. त्याच वर्षी सुपायालत रंगूनला परतली. १९२५ मध्ये ती वारली तेव्हा तिची समाधी श्वेडगॉनच्या परिसरात बांधली गेली, मंडालेत नव्हे. रत्नागिरीची समाधी राजवाड्याच्या मानाने फार साधी आहे, आणि तिच्याभोवती आता लोकवस्ती झाली आहे. सहलीचे ताफे राजवाडा पाहून परततात. समाधीकडे वळणारे थोडे. ब्रह्मदेशातून येणाऱ्यांचा क्रम नेमका उलट असतो. २०१२ साली तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले ते मुख्यतः या समाधीपुढे नतमस्तक होण्यासाठी. एकाच गावात यजमानांची वाट आणि वारसदारांची वाट अशी वेगळी पडावी, हे वाटाड्यांनी ध्यानी घेण्याजोगे आहे.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकास या कथेत आणखी एक प्रकरण महत्त्वाचे वाटेल, आणि ते राजवाड्याच्या भिंतींवर कोठेही दिसत नाही. थोरल्या राजकन्येचा राजवाड्यावरील नोकर गोपाळ सावंत याच्याशी संबंध जुळला आणि १९०६ मध्ये तिला टूटू ही मुलगी झाली. राजपरिवार १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतला तरी ही मायलेकरे पुढे रत्नागिरीसच आली. राजकन्या १९४७ मध्ये येथेच वारली. टूटू मराठी घरात वाढली, मराठी संसार केला, हलाखीत दिवस काढले आणि २००० साली तिचा अंत झाला. मंडालेच्या दरबारात ज्या भाषेला क्रियापदागणिक मान-मर्यादेची बंधने होती, त्या दरबारच्या नातीची मातृभाषा रत्नागिरीची मराठी झाली. भाषांतर ग्रंथांचे होते तसे घराण्यांचेही होते. मात्र येथे मूळ संहिता हरवली. अमिताभ घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीने रत्नागिरीतील हा वनवास जगापुढे नेला. त्या नावामागे ब्रह्मी इतिहासलेखनाची मोठी परंपरा आहे. १८२९ मध्ये बाजीदो राजाच्या आज्ञेने पंडितांचे एक मंडळ काचमहालात बसून राजवंशांचा इतिहास लिहू लागले. ‘ह्मन्नान याझविन’, म्हणजे ‘काचमहालाची बखर’, हे नाव त्या ग्रंथास त्यावरून पडले. बखरीशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकास हा वाङ्मयप्रकार परका वाटू नये. तरीही मराठीने थिबाविषयी जे लिहिले त्यात कुतूहल अधिक आणि ब्रह्मी साधनांचा परामर्श थोडा, असे म्हणणे भाग आहे.

मंडालेचा उल्लेख मराठीत लोकमान्य टिळकांवाचून पुरा होत नाही. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या किल्ल्यातील तुरुंगात होते, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. १९१० च्या अखेरीस राजपरिवार नव्या वास्तूत राहावयास गेला. त्याच हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्या’चा खर्डा लिहून काढला. हा योगायोग व्याख्यानांतून पुष्कळदा रंगविला जातो. त्यापेक्षा उपयुक्त गोष्ट अशी, की १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या परिशिष्टात गीता व बौद्ध ग्रंथ यांच्या संबंधाचा स्वतंत्र विचार आलेला आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये सिंहलद्वीपात भिक्षू झाले व पुढे ब्रह्मदेशी गेले, हे त्यांनी ‘निवेदन’ या आत्मकथनात सांगितले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना धम्मदीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे आराकानचे, कुशीनगरास स्थायिक झालेले भिक्षू होते. म्हणजे मराठी माणसाकडे ब्रह्मदेश आला तो निदान तीन वाटांनी : बंदिवासाच्या, पांडित्याच्या आणि दीक्षेच्या. यांतील तिसरी वाट सर्वांत रुंद ठरली, आणि सहलींच्या माहितीपत्रकांत नेमकी तीच वगळलेली असते.

चौथी वाट साधनेची. मंडालेत १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशात स्थायिक झालेल्या मारवाडी कुटुंबातले. रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्यापाशी विपश्यना शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले. इगतपुरीचे धम्मगिरी आणि गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा ही त्यांच्या कार्याची दोन दृश्य रूपे. गोराईच्या पॅगोड्याचे उद्घाटन फेब्रुवारी २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. त्याचा बाह्याकार श्वेडगॉनचा आहे. उंची सुमारे ३२५ फूट, म्हणजे जवळजवळ मूळ वास्तूइतकीच. परंतु श्वेडगॉन भरीव आहे. तो धातुगर्भ स्तूप असून भाविकाने त्यास प्रदक्षिणा घालावयाची असते. आत जाण्यास आत असे काही नाही. गोराईचा पॅगोडा पोकळ आहे. सुमारे २८० फूट व्यासाचा, एकमेकांत गुंतविलेल्या दगडांचा, खांबांवाचून तोललेला हा घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या दुपटीहून रुंद आहे, आणि त्याखाली आठ हजार माणसे ध्यानास बसू शकतात. आकार ब्रह्मी आणि अवकाश वेगळा, असा हा पालट आहे. स्तूपाभोवती फिरणारी भक्ती येथे स्तूपाच्या पोटात बसून करावयाच्या साधनेत बदलली. विपश्यनेचे शिबिर न केलेल्या प्रवाशास मुख्य सभागृह काचेआडूनच पाहावे लागते. त्याविषयी कुरकुर ऐकू येते. पण ध्यानमंदिर आणि प्रेक्षणीय स्थळ यांतील भेद पाळण्याचा तो प्रामाणिक मार्ग आहे.

पवित्र वास्तूची प्रतिकृती करणे हे बौद्ध परंपरेत अनुकरण मानले जात नाही. ते पुण्यकर्म आहे. बोधगयेच्या महाबोधी मंदिराची प्रतिकृती तेराव्या शतकातच पगानला उभी राहिली. मूळ मंदिराची दुरुस्ती करण्यासाठी ब्रह्मी राजांनी पुनःपुन्हा माणसे धाडली. मिंदोननेही एकोणिसाव्या शतकात धाडली. बंगळूरच्या गांधीनगरातील महाबोधी सोसायटीचा विहार याच मालिकेत बसतो. तोही बोधगयेच्या धर्तीवर बांधलेला आहे. संस्थेची स्थापना १९५६ मध्ये आचार्य बुद्धरक्खित यांनी केली. त्यांना १९४९ मध्ये कुशीनगरात उपसंपदा देणारे गुरू म्हणजे पुढे नागपूरच्या दीक्षासमारंभात ज्यांचे नाव येते तेच चंद्रमणी. रंगूनला १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाव्या संगीतीच्या संपादनकार्यातही बुद्धरक्खितांचा सहभाग होता. म्हणून बंगळूरच्या विहारात ब्रह्मी शिखर शोधू नये. तेथील ब्रह्मी अंश शिखरात नाही, गुरुपरंपरेत आणि पाठपरंपरेत आहे.

पाठपरंपरेचा हा मुद्दा अभ्यासकांनी इगतपुरीस जाऊन पाहावा. मिंदोनच्या आश्रयाने १८७१ मध्ये मंडालेत पाचवी संगीती भरली; कुथोडॉच्या आवारात त्रिपिटक कोरलेल्या ७२९ संगमरवरी शिळा आहेत त्या त्याच्याच कारकिर्दीतल्या. थिबाचे बालपण या शिळा घडत असतानाचे. सहाव्या संगीतीने शुद्ध केलेली पाली संहिता ब्रह्मी लिपीत छापली गेली, आणि तीच संहिता अट्ठकथा व टीकांसह इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत १४० खंडांत आणली. नालंदेची भिक्षू जगदीश काश्यप यांची देवनागरी आवृत्ती त्याआधीची, पण ती मूळ त्रिपिटकापुरती. मराठी वाचकास अट्ठकथांपर्यंत स्वतःच्या लिपीतून पोहोचता येते ते या खंडांमुळे. त्यांतील पाठभेदांच्या टीपांत सिंहली, सयामी आणि कंबोडियन प्रतींचे निर्देश संक्षेपचिन्हांनी केलेले आहेत. मुख्य पाठ मात्र सर्वत्र ब्रह्मी परंपरेचा आहे.