कुंभकर्णाचं पोट

गणपतीतल्या हलत्या देखाव्यांत कुंभकर्ण सहसा पडत नाही. राक्षस आडवा पसरलेला, भोवती ढोल बडवणारे सैनिक, आणि त्या गदारोळात त्याचं पोट सावकाश वर येतं, खाली जातं. तोंड भडक रंगवलेलं, मिशा काथ्याच्या. तरी पुढच्या रांगेतलं पोर आईला बिलगतं ते त्या पोटामुळेच. त्याच कारागिराने तीच मोटर वापरून शिवाजी महाराज किंवा तुकोबा उभे केले, की मात्र बघणारे म्हणतात, "बाहुला वाटतो राव."

असं का होतं, हे शोधण्यात थीम पार्कवाल्यांनी साठ वर्षं आणि अमाप पैसा घातला आहे. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वॉल्ट डिस्नेने अब्राहम लिंकनला खुर्चीतून उठवून भाषण करायला लावलं. आत हवेच्या आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा होती. १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी रोबोटतज्ज्ञाने छोटासा निबंध लिहिला. यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आवडू लागतं, पण माणसाच्या अगदी जवळ पोचलं की अंगावर काटा येतो, असं त्याचं म्हणणं. उदाहरण दिलं ते कृत्रिम हाताचं: दिसायला हुबेहूब, हातात घेतला की थंडगार. त्यात हालचाल आली की हा काटा आणखी बोचतो, हेही त्याने लिहून ठेवलं. देखावेवाल्यांना हे निबंध न वाचताच ठाऊक असतं.

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत तर ते आणखी नीट कळतं, कारण इथे फिटर-टर्नरांची वानवा नाही. भोसरी, तळवडे, चाकणला पाळी करून आलेली पोरं रात्री मंडपात घुसतात. हलत्या देखाव्याचं लाडकं इंजिन म्हणजे गाडीच्या वायपरची मोटर. १२ व्होल्टची, चिवट आणि भंगारातही मिळणारी. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने गावातल्याच कुदळवाडीतली गोदामं आणि पत्राशेड भुईसपाट केली. तोवर भंगारासाठी चिखलीकरांना गावाबाहेर जायची गरज नव्हती. या मोटरीतल्या वर्म गिअरमुळे वीज गेली तरी उचललेला हात धपकन खाली येत नाही. पण सरळ जोडली तर ती मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे घेते, आणि मावळा तलवार चालवतोय की वारा घालतोय ते कळत नाही. म्हणून व्होल्टेज उतरवायचं. क्रँक लावली की एक गोष्ट फुकटात मिळते: हात दोन्ही टोकांना मंदावतो आणि मध्ये वेग घेतो, माणसाचा साधारण असाच हलतो. घोटाळा असा की जाताना आणि येताना चाल एकच. खरा वार झपकन पडतो, मागे येणारा हात रेंगाळतो. तो फरक हवा असेल तर कॅम घासायला बसावं लागतं, एकीकडे खडा चढ, दुसरीकडे लांबलचक उतार. न्यूमॅटिक सिलिंडर चपळ खरा, पण टोकाला कुशनिंग नसेल तर 'खट्' वाजतो आणि सेनापती फेट्यापासून जोड्यापर्यंत हादरतो.

श्वासाला यातलं काहीच लागत नाही. मिनिटाला बारा-पंधरा वेळा, एकाच लयीत, जाताना-येताना दोन्हीकडे सावकाश. माणूस जे थोडंफार यंत्रासारखं करतो त्यात झोपेतला श्वास आला. कुंभकर्ण जिंकतो तो तिथे.

आपल्याकडे याच्या उलट टोकाचा प्रकारही आहे, जिवंत देखावा. कॉलनीतली माणसं दागिने-मुकुट घालून उभी राहतात, आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला, त्यावर ओठ आणि हात हलवायचे. जिवंत माणूस यंत्राचं काम करतो आणि गर्दी खेचतो. पिंपरी-चिंचवडमध्ये हे दोन्ही प्रकार एकाच रात्री बघता येतात.

थीम पार्कच्या राइडमध्ये कारागिराला मंडपात नसलेली एक सवलत असते: प्रेक्षकांची बोट पुढे सरकते. खोपोलीजवळच्या इमॅजिकात 'राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर' आहे. राजासॉरस हा नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांवरून २००३ साली नाव मिळालेला डायनासोर. तो चालताना कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे चूक काढणार कोण? त्याचं वजन जाणवलं आणि तो नेमक्या क्षणी वळला की बस्स. फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कच्या पँडोरा विभागात २०१७ पासून गाणारी निळी शामन आहे. तिचे हात इतके सलग फिरतात की डोळा फसतो, पण ती परग्रहावरची, म्हणून किळस येत नाही. मंडपात मात्र लोक दहा-दहा मिनिटं समोर ठाण मांडून बघतात.

देखभालीबद्दल तर फारच कमी लोक बोलतात. फ्लोरिडातल्याच एका राइडमध्ये २००६ साली सुमारे २५ फुटी यती बसवला, झेपावणारा. लवकरच त्याची हालचाल थांबवावी लागली. तेव्हापासून वर्षानुवर्षं तो तसाच उभा आहे आणि लुकलुकत्या दिव्याने हलल्याचा भास करून देतात. दहा रात्री टिकणारा देखावा करणाऱ्याला या यतीबद्दल सहानुभूती वाटावी. जास्त सांधे म्हणजे तुटायला जास्त जागा.

चेहऱ्याच्या वाटेला तर जाऊच नये, असं माझं मत आहे. जुलै २०२५मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये खुद्द वॉल्ट डिस्नेचा बोलका पुतळा आला, तंत्र अद्ययावत. त्याच्या नातीनेच जाहीर नापसंती दाखवली. जो माणूस आपल्याला माहीत आहे त्याच्या ओठांचा कोपरा जरा चुकला तरी आपण लगेच पकडतो. उलट १९९३च्या 'झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचू घ्या. रामदास पाध्यांचा बाहुला, लाकडी तऱ्हेने उघडणारं तोंड. त्याने माणूस असल्याचा आव आणला नाही, म्हणून तर एक पिढी त्याला घाबरली.

चिखलीला टाळगाव चिखली म्हणतात, ते तुकोबांच्या टाळांवरून. इथे तुकोबांचं वैकुंठगमन दाखवायचं ठरलं तर विमान हलवा, गरुडाचे पंख हलवा, ढग हलवा. तुकोबांच्या डोळ्यांत आणि ओठांत मोटर नको. टाळ वाजवायचेच असतील तर ध्वनिफितीवर हात जुळवत बसू नये. ते चौथ्या मिनिटाला हमखास मागे पडतात. दोन टाळ एकमेकांना भिडतात तिथे लिमिट स्विच बसवावा आणि आवाज त्यावरून सोडावा. मोटर मंदावली तर ठेकाच ठाय लयीत जाईल. समोर उभ्या असलेल्या टाळकऱ्यांना ते चालेल, टाळ आधी आणि नाद नंतर हे चालणार नाही.