सुडोकू

सुडोकू : चौरसातील रिकाम्या घरांत नियमानुसार अंक भरून मांडणी पूर्ण करावयाचे तार्किक कोडे. प्रचलित प्रकारात ९ आडव्या ओळी व ९ उभे स्तंभ मिळून ८१ घरे असतात. जाड रेषांनी त्यांचे प्रत्येकी ९ घरांचे ९ लहान चौरस पाडलेले असतात. त्यांना गट म्हणतात. प्रत्येक ओळीत, स्तंभात व गटात १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच आले पाहिजेत, हा एकच नियम होय. काही घरांत अंक आधीच दिलेले असतात. त्यांना दत्त अंक म्हणतात. निर्दोष कोड्याचे उत्तर एकच असते. यात आकडेमोड करावी लागत नाही. अंकांऐवजी नऊ अक्षरे वा नऊ रंग घेतले, तरी कोडे बदलत नाही. म्हणून नारायण पंडितांनी गणितकौमुदी (१३५६) या ग्रंथात भद्रगणित या नावाने विवेचिलेल्या, ओळी व स्तंभ यांच्या बेरजा समान असणाऱ्या जादूच्या चौरसांहून सुडोकू भिन्न आहे.

इतिहास : हे कोडे जपानी नावाने प्रसिद्ध असले, तरी त्याचे आधुनिक रूप अमेरिकेतील आहे. हॉवर्ड गार्न्झ या निवृत्त वास्तुशिल्पज्ञाने रचलेली अशी कोडी १९७९ मध्ये तेथील एका कोडे-मासिकात ‘नंबर प्लेस’ या नावाने प्रसिद्ध झाली. जपानमधील निकोली या प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये ती स्वीकारली. ‘अंक एकटाच असावा’ अशा अर्थाच्या जपानी वाक्याचा ‘सुडोकू’ हा संक्षेप असून, हे नाव माकी काजी (१९५१–२०२१) यांनी दिले. हाँगकाँगमधील निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांनी कोडी रचणारा संगणक-कार्यक्रम तयार केला व नोव्हेंबर २००४ पासून लंडनच्या द टाइम्स मध्ये ती येऊ लागली. त्यानंतर अल्पावधीतच भारतीय वृत्तपत्रांतही त्यांचा प्रसार झाला. पहिली जागतिक स्पर्धा २००६ मध्ये इटलीतील लुका येथे झाली. २०१७ ची स्पर्धा बंगळुरू येथे भरली होती.

लॅटिन चौरस व शेती : प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत व स्तंभात एकदाच येते अशा मांडणीस लॅटिन चौरस म्हणतात. स्विस गणितज्ञ लेनर्ड ऑयलर (१७०७–८३) यांनी अशा चौरसांच्या विशिष्ट जोड्यांचा अभ्यास केला. ६, १०, १४ इ. आकारांच्या चौरसांत अशा जोड्या संभवत नाहीत, हा त्यांचा तर्क होता. राजचंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) व अर्नेस्ट पार्कर यांनी १९५९-६० मध्ये ६ पेक्षा मोठ्या आकारांबाबत तो खोटा ठरविला. श्रीखंडे यांचे शिक्षण नागपूर येथे झाले असून, पुढे ते मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते.

या मांडणीचा व्यावहारिक उपयोग शेतीप्रयोगांत होतो. कापसासाठी पूर्वापार प्रसिद्ध असलेल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट भागात एखाद्या काळ्या जमिनीच्या शेतात कपाशीच्या नऊ वाणांची तुलना करावयाची आहे, असे समजा. शेतास उतार असल्यास खालच्या अंगास लावलेल्या वाणाला अधिक ओल मिळेल आणि जमिनीचा गुण वाणाच्या नावे जमा होईल. अशा निष्कर्षावर विसंबून बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याचा हंगाम वाया जाऊ शकतो. शेताचे ८१ वाफे पाडून प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत व स्तंभात एकदाच लावल्यास हा दोष बराच कमी होतो. तथापि एका कोपऱ्यात पाणी साचणारा खोलगट तुकडा असल्यास एवढे पुरत नाही. प्रत्येक वाण प्रत्येक गटातही एकदाच यावे लागते. जर्मन शास्त्रज्ञ बेहरेन्स यांनी १९५६ मध्ये अशी गटबद्ध मांडणी सुचविली. पूर्ण भरलेले सुडोकू हा तिचाच एक प्रकार होय.

सोडविण्याची रीत : नवशिक्याने ४ × ४ घरांच्या लहान कोड्यापासून आरंभ करावा. त्यात १ ते ४ हे अंक व चार-चार घरांचे चार गट असतात. उदा.,

१ – | – ४
३ – | १ –
————
– १ | – ३
– – | २ –

खालच्या उजव्या गटात १ कोठे येईल? तिसऱ्या ओळीत १ आहे, म्हणून त्या ओळीतील घर वर्ज्य होते. उरलेल्या, म्हणजे चौथ्या ओळीच्या शेवटच्या घरात १ येतो. आता त्या गटात ३, २ व १ झाले. म्हणून तिसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात ४ आणि त्यामुळे पहिल्या घरात २ येतो. पहिल्या स्तंभात उरलेला ४ चौथ्या ओळीत बसतो व त्या ओळीतील रिकाम्या घरात ३ येतो. दुसऱ्या स्तंभात २ व ४ उरतात. पहिल्या ओळीत ४ असल्याने तेथे २ व दुसऱ्या ओळीत ४ लिहावा. शेवटी पहिल्या ओळीत ३ व दुसऱ्या ओळीत २ भरला की कोडे पूर्ण होते.

मोठ्या कोड्यातही हेच दोन प्रश्न आलटून पालटून विचारावयाचे असतात : या गटात हा अंक कोणत्या घरात बसेल, आणि या घरात कोणता अंक बसेल? प्रत्येक घराचा संबंध त्याच्या ओळीतील, स्तंभातील व गटातील मिळून अन्य २० घरांशी येतो. त्यांत आठ भिन्न अंक आढळल्यास नववा निश्चित होतो. एवढ्याने न भागल्यास घरात संभाव्य अंक पेन्सिलीने बारीक लिहावेत. एकाच ओळीतील दोन घरांत ४ व ७ एवढेच अंक संभवत असतील, तर ते त्या दोन घरांचेच होत. ओळीतील इतर घरांतून ते खोडावेत.

अंदाजाने अंक लिहिणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. चुकीचा अंक तत्काळ उघडकीस येत नाही. अनेक पायऱ्यांनंतर दूरच्या एखाद्या ओळीत विरोध दिसतो व मूळ चूक सापडत नाही. अशा वेळी केवळ दत्त अंक ठेवून पुन्हा आरंभ करणे श्रेयस्कर. कारण सांगता येईल तोच अंक लिहावा.

दत्त अंकांच्या संख्येवरून कोड्याची काठिण्यपातळी ठरत नाही. ती लागणाऱ्या तर्काच्या स्वरूपावर अवलंबून असते. एकमेव उत्तरासाठी किमान १७ दत्त अंक लागतात, हे गॅरी मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डब्लिन येथे २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखविले. नियमानुसार पूर्ण भरलेल्या मांडण्यांची एकूण संख्या २२ अंकी असून ती सु. ६·६७ × १०²¹ इतकी आहे.